व्हॅलेन्सियात घर मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला नोकरी लागते, कुणाच्या जोडीदाराची बदली होते, कुणाला कुठूनही काम करायची मुभा मिळते, आणि मग पुण्या-नाशिकहून, कधी दुबईहून निरोप येऊ लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. आम्ही स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या बेनिमाक्लेत वस्तीत राहतो. हे एकेकाळी स्वतंत्र गाव होतं. आता ते शहराने पोटात घेतलंय, पण एका कडेला भाजीची शेतं अजून आहेत. देशाचे कायदे सगळीकडे सारखे. भाषा, शाळा आणि दवाखान्याचं कार्ड मात्र प्रांताप्रांतात वेगळं. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी सरकारी साइट एकदा बघाच.

आल्याआल्या सगळ्यात आधी काय करायचं?

पाद्रोन. म्हणजे आपण या पत्त्यावर राहतो अशी नगरपालिकेच्या दप्तरी नोंद. दवाखाना, शाळा, पुढे नागरिकत्व, सगळ्याची सुरुवात या कागदापासून होते. भाडेकरार आणि पासपोर्ट लागतो. घरमालक "नोंद करू नका" म्हणाला तर समजून जा की काहीतरी पाणी मुरतंय. ही नोंद करणं तुमचा हक्क तर आहेच, शिवाय कर्तव्यही आहे. युरोपीय संघाबाहेरच्या आणि कायमचा निवास न मिळालेल्या माणसांना ती दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. हे विसरलं की नाव गळतं, आणि नेमकं नको त्या वेळी लक्षात येतं.

दुसरं तिए, म्हणजे परदेशी नागरिकाचं ओळखपत्र. सहा महिन्यांहून मोठ्या मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून महिन्याभरात त्यासाठी पोलिसांकडे अर्ज करायचा असतो. मोदेलो ७९०, कोदिगो ०१२ हा फॉर्म भरून बँकेत शुल्क भरायचं, फोटो न्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. तुमचा निए, म्हणजे परदेशी नागरिकाचा ओळखक्रमांक, एक्स, वाय किंवा झेडने सुरू होईल. तो पाठ करून टाका, तो इथे वीजजोडणीपासून वाचनालयापर्यंत सगळीकडे विचारतात.

सिता प्रेविया मिळतच नाही. काय करू?

सिता म्हणजे आधी घेतलेली वेळ. तिच्याशिवाय सरकारी कचेरीत दाराच्या आत घेत नाहीत. मोठ्या शहरांत साइट उघडली की "सध्या वेळ उपलब्ध नाही" हेच वाचायला मिळतं. सकाळी लवकर बघा, वेगवेगळ्या दिवशी बघा, जवळच्या लहान गावातलं पोलीस ठाणं चालतंय का तेही बघा. काही जण या वेळा अडवून विकतात. त्यांच्या नादी लागू नका. पैसे द्यायचेच असतील तर खेस्तोरला द्या. हा नोंदणीकृत माणूस सरकारी कागदपत्रांचं काम करतो आणि आपल्याकडच्या आरटीओबाहेरच्या एजंटपेक्षा त्याला बराच मान असतो. एकदा तिए हाती आलं की डिजिटल प्रमाणपत्र काढून घ्या. मग निम्मे हेलपाटे वाचतात.

आणि ऑगस्टमध्ये कुठलंही काम निघेल अशी आशा धरू नका. अर्धं शहर समुद्रावर किंवा आजोळी असतं.

फॉर्ममध्ये दोन आडनावं मागतात. आपण काय लिहायचं?

हा आपला खास मराठी घोळ आहे. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे पहिलं वडिलांकडून आणि दुसरं आईकडून. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि ते पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बसलेलं असतं. त्यामुळे कुठे "सचिन रमेश" हे जोडनाव होतं, तर कुठे रमेश हे पहिलं आडनाव होऊन कुलकर्णी मागे पडतं. मग बँकेत एक, दवाखान्यात दुसरं. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जे ज्या रकान्यात आहे तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे. दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी सोडा. ऑनलाइन फॉर्म रिकामी जागा घेत नसेल तर मनाने काही भरू नका, त्या कचेरीला विचारा.

बायकांसाठी आणखी एक. इथे लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. जन्मदाखल्यावर देशपांडे आणि पासपोर्टवर जोशी असेल तर समोरचा कर्मचारी दोन वेगळ्या बायका समजतो. विवाह प्रमाणपत्र अपोस्टिल करून (म्हणजे ते परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का घेऊन) आणलंत तर हा वाद तिथेच मिटतो.

भारतातून कोणते कागद तयार करून आणू?

जन्मदाखले (मुलांचेही), विवाह प्रमाणपत्र, पदवी, पोलीस क्लिअरन्स. भारत २००५पासून अपोस्टिल करारात आहे. राज्यात दिलेल्या दाखल्यांवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम असतो. स्पॅनिश भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचंच लागतं. त्यांची यादी स्पेनचं परराष्ट्र खातं प्रसिद्ध करतं. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर द्विभाषिक प्रत मागून घ्या, कारण मराठीवरून थेट स्पॅनिश करणारा शपथबद्ध माणूस शोधणं सोपं नाही.

घर कसं शोधायचं? अनामत किती?

कायद्याने अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी. त्यावर जास्तीची हमी म्हणून मालक आणखी दोन महिन्यांपर्यंत मागू शकतो. राहत्या घराचा करार मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षांपर्यंत वाढवत नेण्याचा हक्क भाडेकरूला असतो. मालक कंपनी असेल तर सात. सहा महिन्यांनंतर तीस दिवस आधी कळवून तुम्ही सोडू शकता, पण करारात भरपाईचं कलम आहे का ते वाचा. २०२३च्या गृहनिर्माण कायद्यानंतर राहत्या घराच्या बाबतीत एजन्सीची फी मालकाने द्यायची आहे. म्हणूनच हल्ली "हंगामी" म्हणून अकरा महिन्यांचे करार पुढे केले जातात. त्यात वरचं बरंचसं संरक्षण मिळत नाही.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. मालक लंडनला आहे आणि किल्ली कुरिअरने येणार आहे, अशी गोष्ट ऐकलीत तर फोन ठेवून द्या.

आणि तळमजला घेताना पुराचा नकाशा बघा. २९ ऑक्टोबर २०२४ला शहराच्या दक्षिणेला पायपोर्ता, कातारोखा, अल्फाफार या गावांत पाण्याचा लोंढा शिरला आणि या प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. मोबाइलवरचा इशारा संध्याकाळी आठनंतर वाजला, तेव्हा अनेक रस्ते आधीच पाण्याखाली होते. दुसऱ्या दिवसापासून शहरातले हजारो लोक झाडू-फावडी खांद्यावर टाकून पादचारी पुलावरून चिखल उपसायला चालत गेले, आणि त्यांत परदेशी चेहरेही पुष्कळ होते.

थंडीचंही सांगते. इथे हिवाळा बाहेर सौम्य आणि घरात बोचरा असतो. जुन्या घरांना हीटिंग नसतं, फरशी गार पडते. घर बघताना हीटर, खिडक्यांच्या फटी आणि गॅस नळाचा आहे की नारिंगी सिलिंडरचा, हे विचारून घ्या.

शेजाऱ्यांशी कसं वागावं? फोडणीच्या वासावर तक्रार येते का?

येऊ शकते, आणि ती का येते ते समजलं तर सोपं जातं. जुन्या इमारतींच्या मधोमध एक चौक असतो, पातिओ दे लुसेस. सगळ्यांची स्वयंपाकघरं त्यात उघडतात आणि सगळ्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या तिथेच. तिसऱ्या मजल्यावर हिंग-मोहरीची फोडणी पडली की पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या नुकत्या धुतलेल्या चादरीला तिचा वास लागतो. तळण आणि मिरचीची फोडणी घालताना चौकाकडची खिडकी बंद, चिमणी चालू. त्याच चौकात खालच्या मजल्यावर लसणात परतलेली कोळंबी शिजत असते आणि तो वास आपल्याकडे येतो, तेव्हा अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

वरच्या दोरीवरून मोजा पडला तर चिमट्यात लावून त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवायचा. रात्री दहानंतर मिक्सर नाही, खुर्च्या ओढणं नाही. लिफ्टमध्ये शिरताना "ओला", उतरताना "आस्ता लुएगो", अनोळखी माणसालासुद्धा. दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत शिरताना "ब्युएनोस दियास" म्हणायचं, सगळी खोली उत्तर देते. न बोलता आत जाऊन मोबाइल काढणारा माणूस इथे उर्मट ठरतो. आपल्याला वाटतं आपण कुणाला त्रास देत नाही आहोत. त्यांना वाटतं हा आपल्याला मोजत नाही.

बाजारातही तसंच. दुकानासमोर रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. पोचल्यावर "शेवटचं कोण?" असं मोठ्याने विचारायचं, कुणीतरी हात वर करतं, त्यांच्या मागे तुम्ही. पुढचा माणूस आला की हात वर करायची पाळी तुमची.

इमारतीच्या बैठकीत मत फक्त मालकांना असतं. भाडेकरूने लिफ्टमधली सूचना वाचावी, जिन्याच्या सफाईवर मत देऊ नये.

भाषा किती लागते? इंग्रजीवर भागतं का?

आयटीच्या कचेरीत भागतं. दवाखान्यात, नळ गळाला तर, शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात नाही भागत. सरकारी भाषाशाळा, एस्क्युएला ओफिसियाल दे इदिओमास, स्वस्त आणि शिस्तीची आहे. प्रवेशाच्या तारखा चुकवू नका, जागा भराभर संपतात. प्रौढशिक्षण केंद्रांतही स्पॅनिशचे वर्ग असतात, आणि तिथे युक्रेन, मोरोक्को, पाकिस्तानची माणसं शेजारी बसतात. माझ्या मते खासगी क्लासपेक्षा हे वर्ग बरे, कारण तिथे भाषेबरोबर कुठला फॉर्म कुठे मिळतो तेही कळतं.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. त आणि द आपलेच, दातांवरचे. इंग्रजीतला ट-ड विसरा. लिहिलंय तसं वाचायचं. आणि "मला आंबा आवडतो" ही रचना जशीच्या तशी आहे: आवडणारी वस्तू कर्ता, मी "मला". इंग्रज विद्यार्थी इथे महिनाभर अडखळतात, आपण पहिल्याच तासाला पुढे जातो.

इथे व्हॅलेन्सियन ही दुसरी अधिकृत भाषा आहे. शाळेत आहे, पाट्यांवर आहे, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांत आहे. ती शिकलीच पाहिजे असं नाही, पण भाजीवाल्याला सकाळी "बोन दिया" म्हणून बघा. मुंबईत एखादा परदेशी माणूस मराठीत "काय कसं काय" म्हणाला तर जे होईल तेच होतं.

लोक इतके बोलके, पण घरी कुणीच बोलावत नाही. आमचं काही चुकतंय का?

नाही. इथलं आयुष्य घराबाहेर चालतं. घर कुटुंबासाठी, मित्र रस्त्यावर, बारमध्ये, चौकात. शिवाय बहुतेकांचे मित्र शाळेपासूनचे असतात. त्या घट्ट टोळक्यात तिशीनंतर शिरणं इथल्याच दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसालाही जड जातं. "एकदा भेटू या" याचा अर्थ "पुन्हा दिसलात तर आनंद होईल" एवढाच. त्याची तारीख मागू नका.

ओळख होते ती एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा दिसल्याने. म्हणून एक बार धरा. सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान इथे एस्मोर्झारेत असतं, म्हणजे न्याहारी आणि जेवण यांच्या मधलं खाणं. टेबलावर ऑलिव्ह आणि खारे शेंगदाणे येतात, मग हातभर लांब पावात भरलेलं काहीतरी. मांस नको असेल तर बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव मागा. शेवटी क्रेमाएत: रम, साखर, लिंबाची साल आणि दालचिनी पेटवून त्यावर कॉफी. गवंडी, वकील, निवृत्त मास्तर सगळे एकाच खोलीत आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. दर शुक्रवारी त्याच बारमध्ये जा. काही आठवड्यांनी वेटर न विचारता तुमचा पाव आणतो, आणि नंतर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी तुम्हाला फुटबॉलवर मत विचारतो. बाजारातही भाजीवाली एकच ठेवा. ओळख झाली की पिशवीत पार्स्लीची जुडी फुकट पडते, आपल्याकडे कोथिंबीर पडते तशी.

जेवण झाल्यावर लगेच उठू नका. ताटं उचलल्यावर तास-दीड तास टेबलावर बसून गप्पा मारायच्या, खरी भेट ती असते. बिल आपणहून कुणी आणून देत नाही, मागावं लागतं.

फायासमध्ये, म्हणजे इथल्या मार्चमधल्या पुतळे जाळण्याच्या उत्सवात, आम्हाला सामील होता येतं का?

येतं, आणि व्हावंच. शहरात साडेतीनशेहून अधिक मंडळं आहेत. पेठेतलं गणपती मंडळ डोळ्यांसमोर आणा: वर्गणी, अध्यक्ष, मांडव, रस्ता अडवल्याची भांडणं, ढोलांऐवजी बँड. त्यांच्या जागेला कसाल म्हणतात. तिथे जाऊन "मला नाव नोंदवायचंय" म्हटलं की झालं. वार्षिक वर्गणी असते, हप्त्यांनीही भरता येते. वर्षभर तिथे जेवणं, पत्त्यांचे डाव, मुलांच्या स्पर्धा चालतात. खरी भरती तेव्हाच होते, मार्चमध्ये उगवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

उत्सवाचे मुख्य दिवस १५ ते १९ मार्च. चौकाचौकांत राजकारण्यांची टर उडवणारे उंच पुतळे उभे राहतात आणि १९च्या रात्री जाळतात. लोकांच्या मताने फक्त दोन निनोत, म्हणजे त्यांतल्या बाहुल्या, वाचतात: एक मोठ्यांच्या पुतळ्यांतला, एक मुलांच्या. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता असते. ही दिव्यांची आतषबाजी नसून आवाजाची आहे. ताल हळूहळू चढत जातो, शेवटच्या मिनिटांत तो पायांतून वर येतो, छातीत घुमतो, आणि संपल्यावर धूर ओसरायच्या आत लोक त्यावर गायकाच्या मैफिलीसारखी चर्चा करू लागतात. तान्हं बाळ, कुत्रा किंवा परीक्षा असेल तर त्या आठवड्यात गाव सोडा. पुष्कळ व्हॅलेन्सियन तेच करतात.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

घरी उत्तम, बाहेर सावधपणे. "मांस नको" म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना येतो, मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो आणि भाजीवर खामोनचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे. अनेकांच्या लेखी ते "मांस" नसतंच. त्यामुळे "मांस नाही, मासे नाहीत, खामोन नाही, ट्यूना नाही" असं सगळं म्हणा. पाएया, म्हणजे इथला प्रसिद्ध भाताचा प्रकार, हीही मूळची कोंबडी, ससा, चपट्या घेवड्याच्या शेंगा आणि गार्रोफो नावाच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची आहे. भाज्यांची मिळते, पण तिला पाएया म्हटलंत तर रविवारचं जेवण वादात जाईल.

छोले शिजवलेले काचेच्या बरणीत मिळतात, बेसन सुपरमार्केटात सापडतं. भेंडी, कढीपत्ता, तुरीच्या डाळीसाठी रुसाफा वस्तीकडची आशियाई दुकानं बघा. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र घरूनच.

मुलांच्या शाळेचं काय?

तीन वर्षांपासून शाळा मोफत, सहा ते सोळा सक्तीची. प्रवेश गुणांवर ठरतो आणि घराजवळच्या शाळेला जास्त गुण मिळतात, म्हणून पाद्रोन आधी. मूल व्हॅलेन्सियनमध्येही शिकेल. घाबरू नका, मोठ्यांपेक्षा ती लवकर पकडतात आणि मग आपल्याला दुरुस्त करतात. पालकसंघटनेचं नाव आम्पा. तिच्या जत्रेत एक टेबल मागून कांदाभजी तळा. आमच्या शाळेत दोन बायकांनी पीठ भिजवायला हात लावला आणि वर्षभराच्या ओळखी त्या दुपारी झाल्या. बिझुम घेऊन ठेवा, यूपीआयचा इथला भाऊ. बाईंच्या भेटवस्तूची वर्गणी त्यावरच जमा होते.

दवाखाना?

नोकरीमुळे सामाजिक सुरक्षेत असाल तर पाद्रोन घेऊन जवळच्या आरोग्यकेंद्रात जा, सिप कार्ड (इथलं दवाखान्याचं कार्ड) आणि एक ठरलेला डॉक्टर मिळतो. काही व्हिसांना खासगी विमा सक्तीचा आहे. तातडीचा नंबर ११२.

कर आणि भारतातल्या ठेवी?

कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही इथले कर-निवासी, आणि मग जगभरचं उत्पन्न दाखवायचं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही असेल असं गृहीत धरू नका. परदेशातली खाती, गुंतवणूक, घरं यांपैकी एखाद्या गटात ५०,००० युरोच्या वर असेल तर मोदेलो ७२० हे माहितीपत्रक ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. नोकरीसाठी नव्याने आलेल्यांना ६,००,००० युरोपर्यंतच्या पगारावर २४ टक्क्यांचा सपाट दर देणारी एक योजना आहे. तिचा अर्ज सामाजिक सुरक्षेत नाव लागल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पहिल्याच महिन्यात कर सल्लागाराला भेटा.

भारतीय लायसन्स चालतं?

निवासी झाल्यापासून सहा महिने. त्यानंतर पहिल्यापासून परीक्षा, कारण भारताशी अदलाबदलीचा करार नाही. लेखी परीक्षेत ३० प्रश्न, चुका तीनपर्यंत माफ. ती इंग्रजीतही देता येते.

वंशभेद जाणवतो का?

रस्त्यावर क्वचित, घर शोधताना जास्त. फोनवर उच्चार ऐकून "घर गेलं" म्हणणारे असतात. आपल्याला "हिंदू" म्हणतात तेव्हा बहुतेकदा धर्म नाही, "भारतीय" म्हणायचं असतं, रागावू नका. दुसरी बाजूही बघा. भाडी गगनाला भिडली आहेत, पर्यटकांच्या फ्लॅटांविरुद्ध मोर्चे निघतात, आणि परदेशी पगारावर राहणारा माणूस त्या रागाचा एक भाग आहे. तो राग आपल्या रंगावर नसून आपल्या भाडे देण्याच्या ताकदीवर असतो. मागितलं तेवढं भाडं देऊन मोकळं होण्याआधी शेजारच्या घराचं भाडं विचारा. ते तुमच्याही भल्याचं आहे.

नागरिकत्व? गोव्याकडच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना वेगळा नियम आहे का?

भारतीयांना दहा वर्षांचा कायदेशीर निवास, सेर्वान्तेस संस्थेची ए-२ भाषापरीक्षा आणि राज्यघटना-समाजाची २५ प्रश्नांची परीक्षा. त्यात १५ बरोबर हवेत. स्पॅनिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. पोर्तुगीज पासपोर्ट असलेला गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून येतो. त्याला व्हिसा नको, तिए नको. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर हिरवं नोंदणीपत्र काढायचं. भारतीय पासपोर्टवरच्या जोडीदाराला मात्र कुटुंबीयाचं वेगळं कार्ड लागतं.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. काय तयारी करू?

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. ते तुमच्या घरी उतरणार असतील तर पोलिसांकडून कार्ता दे इन्वितासिओन, म्हणजे आमंत्रणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, तिकिटांच्या बऱ्याच आधी सुरू करा. ३०,००० युरोच्या संरक्षणाचा प्रवासविमा हवाच. जिना बघून ठेवा. लिफ्ट नसलेल्या इमारती इथे पुष्कळ आहेत.

त्यांचा वेळ कसा जाईल याची काळजी नको. तूरिया नदी १९५७च्या पुरानंतर शहराबाहेर वळवली, आणि जुन्या पात्रात मैलोन्‌मैल बाग आहे. तिथल्या बाकांवर संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात आणि भाषा न येताही गुडघेदुखीवर एकमत होतं. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून आणायला सांगा, आपल्या कंपन्यांची नावं इथे फार्मसीत चालत नाहीत. आणि मार्चचं तिकीट काढणार असाल तर त्यांना फटाक्यांबद्दल आधी सांगा.